लाकूड तापत नाही, मॅडम

आमच्या गाळ्यात दोन गोष्टी कायम साठत राहतात, एक भुसा आणि दुसरे किस्से. भुसा न्यायला शनिवारी टेम्पो येतो. किस्से न्यायला कोणी येत नाही. मग ते माझ्याकडेच पडून राहतात, आणि चार मैत्रिणी भेटल्या की मी ते बाहेर काढते.

आमचा गाळा कोलशेतला, खाडीच्या अंगाला. काम लाकडाचं, पण घरातलं नाही, उघड्यावरचं. गच्चीवरचे डेक, बागेतले बाक, झोपाळे, बाल्कनीतल्या फळ्या. मालक बर्वे सर. फिटिंगचं सगळं बघणारा हरेश्वर पाटील, ज्याला सगळे हरी म्हणतात. तो इथल्याच गावातला, आगरी. आणि ड्रॉइंग, मापं, फोन, गिऱ्हाइकांचे रुसवेफुगवे, हे सगळं बघणारी मी. सर बोलायला गोड आहेत आणि लाकडावर त्यांचं इतकं प्रेम आहे की कोणी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेलं दिसलं तरी त्यांना त्या माणसाचं वाईट वाटतं.

गिऱ्हाईक ठाण्याचं असो, डोंबिवलीचं असो की कल्याणचं, पहिला प्रश्न एकच असतो. उन्हात तापेल का? सरांचं उत्तरही ठरलेलं. "लाकूड तापत नाही, मॅडम." समोर मिशीवाला गृहस्थ असला तरी सवयीने तोंडातून मॅडमच निघतं.

या एका वाक्यापायी आम्ही काय काय बघितलंय ते सांगते.

* * *

डोंबिवलीत एका डॉक्टरीणबाईंच्या गच्चीवर डेक टाकलेला. त्यांनी हट्टाने गडद कॉफी रंगाचं पॉलिश करून घेतलेलं, फोटोत छान दिसतं म्हणून. काम संपलं तेव्हा एप्रिल होता आणि टळटळीत दुपार. बाईंनी वाकून फळीला बोट लावलं, लगेच मागे घेतलं आणि म्हणाल्या की हे तर चांगलंच तापलंय.

सरांनी बूट काढले, मोजे काढले, मोज्यांची घडी करून ती बुटात ठेवली आणि अनवाणी डेकच्या मधोमध जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी समजावायला सुरुवात केली. लाकडात बारीक बारीक पोकळ्या असतात, त्यात हवा असते, त्यामुळे लाकूड आपली उष्णता पायाला झटकन देत नाही. लादी देते, लोखंड देतं, लाकूड हळूहळू देतं. सगळं खरं होतं. फक्त आपलं भाषण किती लांबेल याचा अंदाज सरांनी धरला नव्हता.

आधी त्यांनी डावा पाय उचलला. मग उजवा. मग नुसत्या टाचांवर उभे राहिले. बोलणं चालूच आणि चेहऱ्यावरचं हसूही जागच्या जागी. बोलता बोलता ते डेकच्या कडेकडे सरकायला लागले, आणि शेवटची वाक्यं त्यांनी पाण्याच्या टाकीच्या सावलीत, ओल्या लादीवर उभं राहून पूर्ण केली.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीत बसवून तळवे बघितले, क्रीम लावलं आणि शांतपणे विचारलं, "मग? तापत नाही ना लाकूड?"

सर म्हणाले, "लाकूड नाही तापलं, मॅडम. तुमचा रंग तापला."

आणि गंमत म्हणजे ते खरंच निघालं. नंतर आम्ही ते गडद पॉलिश घासून काढलं आणि फळ्या फिकट ठेवल्या. आता बाई भर दुपारी अनवाणी कपडे वाळत घालतात. सर मात्र त्यांच्याकडे गेले की बूट काढत नाहीत.

* * *

त्या प्रकारानंतर सरांनी ठरवलं की आता शास्त्रशुद्ध जायचं. साथीच्या दिवसांत वॉचमन लोक कपाळावर धरायचे तसलं ताप बघायचं पिस्तूल, पण कारखान्यात वापरतात ते, त्यांनी मागवलं. पुढचे काही दिवस गाळ्यातली एकही वस्तू सुटली नाही. माझा चहा झाला, हरीच्या डब्यातली तांदळाची भाकरी झाली, टेम्पोचं बॉनेट झालं. टेम्पोवाल्याच्या टकलाचंही माप घेतलं, तो डुलकी काढत होता तेव्हा.

पहिला खरा प्रयोग झाला खोपटला, कर्णिक साहेबांच्या गच्चीवर. साहेब रिटायर्ड इंजिनिअर. त्यांना गच्चीवर बाक हवा होता, पण लाकडाचा की स्टीलचा हे ठरत नव्हतं. रेलिंग आधीपासून चकचकीत स्टीलचं होतं. आमचा नमुन्याचा बाक सकाळपासून उन्हात ठेवलेला. सरांनी पिस्तूल बाकावर धरलं तर आकडा भलताच मोठा आला. रेलिंगवर धरलं तर छोटा. पुन्हा धरलं, पुन्हा तेच.

कर्णिक साहेबांचं आयुष्य मोजमापात गेलेलं. यंत्र बोललं की त्यांच्या दृष्टीने विषय संपला. ते म्हणाले, मग स्टीलचाच करू. सरांचा चेहरा एवढासा झाला. मी पिस्तूल हातात घेऊन झटकून बघितलं, जसं काही झटकल्यावर ते आपलं मत बदलणार होतं.

तेवढ्यात कर्णिक काकू सरबताचा ट्रे घेऊन वर आल्या. ट्रे त्यांनी बाकावर ठेवला आणि काय ठरलं असं विचारत आरामात कोपर रेलिंगवर टेकवलं. पुढच्या क्षणाला कोपर हवेत. लाल झालेल्या कोपरावर फुंकर घालत काकूंनी साहेबांना एवढंच विचारलं, "यावर बसवणार होता का मला?"

संध्याकाळी साहेबांचा सरांना फोन आला. दुपारभर ते पुस्तकं काढून वाचत बसलेले आणि आवाजात नुसता आनंद. चकचकीत धातू तापतो भरपूर, म्हणाले, पण ती उष्णता किरणांनी बाहेर सोडायच्या बाबतीत तो महाचिक्कू. आणि पिस्तूल वाचतं ते फक्त बाहेर पडलेले किरण. त्यामुळे तापलेलं स्टील त्याला गार वाटतं. लाकूड तसं नाही, ते आतलं सगळं बाहेर टाकत असतं, म्हणून त्याचा आकडा खरा येतो. सरांनी हे सगळं मन लावून ऐकलं. बाकाची ऑर्डर तर आलीच, वर सरांना गिऱ्हाइकांसाठी नवं वाक्य मिळालं.

"लाकूड मनात काही ठेवत नाही, मॅडम. जेवढं तापतं तेवढं बोलून दाखवतं."

* * *

हा अगदी छोटा. कोणता रंग कमी तापतो हे एका गिऱ्हाइकाला पटेना, म्हणून सरांनी त्याच्या अंगणात एक काळपट आणि एक फिकट अशा दोन मोठ्या फळ्या ठेवल्या. त्याचा लॅब्राडॉर काळपट फळीवर चढला, लगेच उतरला आणि फिकट फळीवर जाऊन पसरला. गिऱ्हाईक तिथल्या तिथे तयार झालं. सरांना ही पद्धत इतकी आवडली की पुढे कुठेही माप घ्यायला जायचं असलं की ते मला आधी फोनवर विचारायला लावायचे, घरी कुत्रा आहे का.

मग एकदा शहाडला एका घरी कुत्रा नव्हता, मांजर होती. फळ्या ठेवल्या. मांजर सरळ काळपट फळीवर गेली, पाय पोटाशी घेऊन बसली आणि डोळे मिटून घेतले. घरातल्या बाई म्हणाल्या, बघा, आमच्या मनीला कळतं बरोबर, काळाच थंड असणार.

तेव्हापासून सर फक्त कुत्र्यांचं ऐकतात.

* * *

घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये नवीन जोडप्याने टेरेस फ्लॅट घेतलेला. दोघंही आयटीतले, हौशी. त्यांना झोपाळा हवा होता, पण जुन्या पद्धतीचा, पाटावर पितळेच्या गोल बटणांची नक्षी असलेला. आणि तो ठेवणार उघड्या टेरेसवर. मी म्हटलं, नक्षी पाठीवर घेऊ, बसायच्या जागी नको. हरीनेही त्याच्या भाषेत सांगून बघितलं, "लाकूड नाय तापत, पन खिले तापतान." मुलगी हसली आणि म्हणाली की दादा, फोटोत पाटच दिसतो.

वास्तुशांतीच्या दिवशी आम्हालाही जेवायचं आमंत्रण होतं. पूजा आटपायला दुपार झाली. सगळं यथासांग झाल्यावर मुलीच्या डोक्यात आलं की गुरुजी झोपाळ्यावर बसून आशीर्वाद देतायत आणि आम्ही दोघं पुढे हात जोडून उभे, असा एक फोटो पाहिजे. गुरुजी भला माणूस. तसेच रेशमी सोवळ्यात, उन्हात सकाळपासून लखलखणाऱ्या त्या झोपाळ्यावर जाऊन बसले.

गुरुजींनी 'शुभं भवतु' म्हणायला हात वर केला आणि 'शुभं'लाच उभे राहिले. 'भवतु' त्यांनी किचनमध्ये पोचल्यावर म्हटलं.

हरीने त्याच आठवड्यात सगळी बटणं उपटून त्या जागी लाकडाच्या गोल खुंट्या ठोकल्या. गुरुजी नंतर सत्यनारायणाला आले तेव्हा त्यांनी आधी पाटावरून हात फिरवला आणि मग बसले, चांगले अर्धा तास बसले.

पहिला फोटो मात्र त्या जोडप्याने फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. दोघं डोळे मिटून हात जोडून उभे, समोर रिकामा झोपाळा, आणि फ्रेमच्या कडेला सोवळ्याचा नुसता सोगा.

* * *

सोसायटीचं काम घ्यायचं नाही असं आम्ही दरवर्षी ठरवतो आणि दरवर्षी घेतो. डोंबिवलीतल्या एका सोसायटीने गच्चीवर सगळ्यांसाठी डेक करायचा ठराव केला. वरच्या मजल्यावर सप्रे म्हणून एक गृहस्थ राहतात, त्यांचा कडाडून विरोध. आमच्या डोक्यावर लोक नाचणार, फळ्यांखाली पाणी साचणार, स्लॅब गळणार, हे त्यांनी मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, बसून सांगितलं, जिन्यात अडवूनही सांगितलं. ठराव तरीही पास झाला आणि डेक झाला. सप्र्यांनी तक्रार दिली. ती कमिटीकडे पडून राहिली.

मग उन्हाळा आला. दरवर्षी सप्र्यांची बेडरूम म्हणजे भट्टी असायची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत उष्णता ओतत राहायचा आणि नवरा-बायको हॉलमध्ये ओली चादर अंगावर घेऊन झोपायचे. या वर्षी काहीतरी वेगळंच झालं. सप्र्यांना आधी वाटलं पंखा सुधारला. मग वाटलं वय झालं, आता आपल्याला ऊन लागतच नाही. खरं म्हणजे ऊन लागायचं ते आता आमच्या फळ्यांना लागत होतं. फळ्या आणि स्लॅब यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट ठेवलेली, तिथून वारा फिरायचा, आणि खालचा स्लॅब दिवसभर सावलीत. सप्र्यांना हे कळलं, पण ते कोणाला बोलले नाहीत. बोलणार कसे?

इकडे कमिटी बदलली. नवा सेक्रेटरी तरुण, कामाचा उरक दाखवायला उतावीळ. त्याने जुन्या तक्रारी एकेक निकालात काढायला घेतल्या, आणि सप्र्यांची तक्रार निघाली सगळ्यात वर. डेक काढायला या, असा आम्हाला फोन.

हरी माणसं आणि पहार घेऊन गेला, मागोमाग मी. बघतो तर डेकच्या मधोमध सप्रे, बनियनवर, मांडी घालून, पेपर वाचत बसलेले. उठायला तयार नाहीत. सेक्रेटरीने समजावलं की काका, तुमच्याच तक्रारीवरून काढतोय. सप्र्यांनी पेपर खाली ठेवला.

"आक्षेप माझाच होता," ते म्हणाले. "आता त्या आक्षेपाला माझा आक्षेप आहे."

हरी पहार उचलून निघाला तसं सप्र्यांनी त्याला हाक मारून थांबवलं आणि जरा बाजूला नेऊन विचारलं, की टाकीच्या त्या अंगाला अजून थोड्या फळ्या वाढवता येतील का. खाली त्यांचा हॉल येतो.

* * *

हिवाळ्यातलाही एक आहे. कल्याणला एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या बागेत आमचे दोन बाक आहेत. एक पर्जन्यवृक्षाखाली, एक मोकळ्यावर हिरवळीच्या मधोमध. मधला बाक हास्यक्लबवाल्यांचा. पहाटे फिरून यायचं, गोल उभं राहून हसायचं आणि मग बाकावर टेकायचं, असा त्यांचा क्रम. जानेवारीत त्यांच्या लक्षात आलं की आपला बाक रोज सकाळी ओला असतो. झाडाखालचा कोरडा. बाजूचा दगडी कट्टा कोरडा. आपलाच ओला.

क्लबच्या प्रमुख वझे मॅडम. त्यांचा संशय माळ्यावर गेला. माळी म्हणजे दगडूमामा, नगरकडचे, बागेतली निम्मी झाडं त्यांनी हाताने लावलेली. मागे कधीतरी हिरवळीवरून चालू नका म्हणून ते या मंडळींना बोलले होते, त्याचा राग ते बाकावर पाणी मारून काढतायत, असं सगळ्यांचं मत पडलं. कमिटीकडे गेलं. मामांना सांगण्यात आलं की पुन्हा असं झालं तर दुसरा माळी बघू. मामा त्या दिवशी जेवले नाहीत, हे आम्हाला वॉचमनने सांगितलं. आमच्या बाकापायी माणसाची नोकरी जाते हे सरांना सहन होईना. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं त्यांच्या गाडीने कल्याणला हजर.

आकाश स्वच्छ, चांगली थंडी. मामा आमच्या आधी येऊन उभे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून, पाइपाला हात लावला असं कोणी म्हणू नये म्हणून. हास्यक्लब जमला. बाक ओला होता आणि त्याच्या खालची जमीन कोरडी ठणठणीत. सरांनी बाकावरून बोट फिरवलं आणि वर बघितलं. मग म्हणाले की हे दव आहे.

त्यांनी नीट सांगितलं. दिवसभर घेतलेली ऊब लाकूड रात्री सोडून देतं, आणि डोक्यावर मोकळं आभाळ असलं तर फारच पटकन सोडतं. मग ते हवेपेक्षाही गार होतं आणि दव त्याच्यावर बसतं. झाडाखालच्या बाकावर पानांचं पांघरूण असतं, म्हणून तो वाचतो. आणि दगडी कट्ट्याच्या पोटात ऊब एवढी भरलेली असते की ती पहाटेपर्यंत पुरते. वझे मॅडमनी कट्ट्यावर हात ठेवला. मग बाकावर ठेवला. मग परत कट्ट्यावर. आणि सगळ्यांच्या समोर मामांना म्हणाल्या, "मामा, चुकलं आमचं."

खांद्यावरचं फडकं काढून मामांनी मॅडमच्या हातात दिलं आणि बाकाकडे मान हलवली. मॅडमनी पदर खोचला आणि अख्खा बाक पुसून काढला.

त्या सकाळी हास्यक्लब पहिल्यांदा न ठरवता हसला, असं सर सांगतात.

* * *

आता माझा सगळ्यात लाडका.

कल्याणचे मोहिते काका आणि काकू. काका बँकेतून रिटायर झालेले, काकू शाळेतून. काकांना बारा महिने थंडी वाजते. कल्याणात, मे महिन्यात, त्यांचा स्वेटर शेजारच्या खुर्चीवर तयार असतो. काकूंना बारा महिने उकडतं. थंडीतही त्या पदराने वारा घेत असतात. लग्न झाल्यापासून दोघांचं पंख्यावरून वाजतं. नोकऱ्या होत्या तोवर दिवसभर तरी सुटका होती. रिटायर झाले आणि दोघं एका पंख्याखाली आले.

ते आमच्या गाळ्यावर आले तो दिवस मला चांगला आठवतो. काकूंनी आल्या आल्या एसी वाढवायला सांगितला. काकांनी बंद करायला सांगितला. शेवटी सर रिमोट मांडीवर घेऊन दोघांच्या मध्ये बसले.

त्यांना पश्चिमेच्या टेरेसवर संध्याकाळी बसायला बाक हवा होता. इथवर एकमत. पुढे काकांना तो गडद पाहिजे, दिवसभर ऊन पिऊन संध्याकाळी ऊबदार लागेल असा. काकूंना फिकट पाहिजे, ऊन अंगाला लावूनच घेणार नाही असा. सरांनी सुचवलं की दोन खुर्च्या करू, एक गडद, एक फिकट. त्यावर दोघंही एकदम नाही म्हणाले. बाकच पाहिजे. मग पुन्हा रंगावरून सुरू.

संध्याकाळी त्यांच्या मुलीचा मला पुण्याहून फोन आला. ती काळजीत होती. आई मध्ये रागावून शहाडला मावशीकडे राहायला गेलेली, पंख्यावरून. परत आली, पण आता दोघं दोन खोल्यांत झोपतात, दोन पंखे लावून, आणि जेवताना सोडून बोलणं नाही. "ताई, कितीतरी वर्षांनी दोघांनी मिळून काहीतरी मागितलंय," ती म्हणाली. "कसंही करा, पण तो बाक होऊ द्या."

मी सरांना सांगितलं. सर खूप वेळ कागदावर रेघोट्या मारत बसले आणि मग त्यांनी अर्धा गडद आणि अर्धा फिकट असा बाक काढला. बनवताना आमच्या कोणाच्याच मनाला तो पटत नव्हता. फळ्या सुंदर, रंधा असा मारलेला की गाल टेकावासा वाटेल, पण मधोमध ती सरळ रेघ. हरी लांबून बघून म्हणाला की वाटणी झालेल्या घरासारखा दिसतोय.

पोचवायला आम्ही तिघंही गेलो. बाक टेरेसवर ठेवला. काका गडद बाजूला बसले, काकू फिकट बाजूला. मध्ये रेघेवर काकूंनी चहाचा थर्मास ठेवला. काकूंनी फळीवर हात ठेवून ठीक आहे म्हटलं. काकांनी नुसती मान हलवली. दोघं समोर बघत बसले. आम्ही चहा घेऊन निघालो. परतीच्या वाटेवर टेम्पोत सर म्हणाले, की आपण उगाच रेघ मारून दिली.

बरेच दिवस काही कळलं नाही. मुलीचाही फोन नाही. मग एक दिवस काकांचा फोन आला, बाकाची एक फळी कुरकुरते. मी विचारलं, तुमच्या बाजूची का? तर म्हणाले, नाही, फिकट बाजूची. मला वाटलं, आता काकूंनी त्या फळीवरून भांडण काढलेलं दिसतंय. हरीला म्हटलं, आजच्या आज जाऊन ये बाबा.

हरी संध्याकाळी गेला आणि लगेच परत आला. हत्यारांच्या पिशवीची चेनसुद्धा उघडलेली नव्हती. सरांनी विचारलं, काय झालं, घरी नव्हते का? हरीने आधी माठातलं पाणी घेतलं, ते सावकाश प्यायला आणि मग सांगितलं.

टेरेसचं दार उघडंच होतं. बाकाच्या गडद बाजूवर, या टोकापासून त्या रेघेपर्यंत, सांडगी मिरच्या वाळत घातलेल्या. आणि फिकट बाजूला, एका माणसाच्या जागेत, काका आणि काकू दोघंही. काकांच्या अंगात स्वेटर. काकू पदराने वारा घेतायत.

सर म्हणाले, मग फळी?

"दोघं बसलेली तिकडं," हरी म्हणाला. "उठा कसा सांगू?"